तिसऱ्या राउंडची कांडी

धर्माभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी आधी दादालाच झापलं. "हे बोलायला कुणी सांगितलं तुला? त्यानेच ना?" शाळेत मधली सुट्टी होती, पोरांनी डबे उघडले होते, आणि फोनवर होता दादा, माझा थोरला भाऊ. आदल्याच रविवारी धर्माभाऊशी माझं कडाक्याचं भांडण झालं होतं. एका जपानी बॉक्सरला पंचांनी विजयी ठरवलं होतं. मी म्हणाले निकाल बरोबर आहे, तो म्हणाला शुद्ध लूट आहे, आणि मी अर्धा चहा टाकून उठून आले होते. तेव्हा माझा राग उतरवायला त्याने रचलेला हा डाव असणार, असं मला वाटलं. असा डाव तो करू शकला असता. मागे एकदा पाय मोडल्याचा निरोप पाठवून त्याने मला माझ्या घरून, पर्वत पाटियाहून, सुरतेच्या दुसऱ्या टोकाला बमरोलीला धावत बोलावलं होतं, आणि मी पोचले तर हा गडी ओट्यावर मांडी घालून लोचो, सुरतेचा तो हरभराडाळीचा वाफवलेला खाऊ, खात बसलेला. त्या दिवशीही बॉक्सिंगच होतं टीव्हीवर, आणि त्याला वाद घालायला माणूस हवं होतं. पण दादाचा श्वास फोनवर ऐकू यायला लागला… आणि तो श्वास खोटा नव्हता. सकाळी आंघोळ करून देवापुढे उभा राहिला आणि तिथेच बसला, इतकंच दादा कसंबसं म्हणाला. मी पोरांना तसंच सोडून निघाले. रिक्षात बसल्यावरही एक मन म्हणत होतं, पोचशील आणि तो हसत दार उघडेल.

धर्माभाऊ म्हणजे धर्मराज. आमच्याच तापीकाठच्या गावचा, शहाद्याकडचा, दादाचा, म्हणजे सुरेशचा, शाळेपासूनचा जोडीदार. दोघे एकाच एसटीने सुरतला आले, एकाच खात्यात लूमवर उभे राहिले. इथे विणकामाच्या शेडला खातंच म्हणतात. पुढे धर्माभाऊ कापड तपासणारा झाला आणि शेवटपर्यंत तेच करत राहिला. लूमवरून उतरलेला कापडाचा लांबलचक तुकडा, म्हणजे तागा, खालून दिवा लावलेल्या काचेवरून ओढत न्यायचा आणि जिथे धागा तुटलाय, तेलाचा डाग पडलाय, तिथे खडूने खूण करायची. "बाई, आपन दोन्ही खडूवाला," असं तो मला म्हणायचा. मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिक्षिका, म्हणून त्याच्या तोंडी मी कायम बाई. फरक इतकाच, की मी खडूने लिहायची आणि तो खडूने लोकांच्या चुका दाखवायचा. हे मी त्याला सांगितलं तर म्हणाला, शाळेत तू दुसरं काय करतेस?

दिवसभर दोष शोधणाऱ्या माणसाला घरी आल्यावर दोष दिसायचे थांबत नसावेत. धर्माभाऊचा कशावरच विश्वास नव्हता. दूधवाल्याच्या मापावर नाही, डॉक्टरच्या गोळ्यांवर नाही, हवामानाच्या बातमीवर तर नाहीच. भाजीवाली दोन मिरच्या वर टाकायची तर याला वाटायचं, आतली वांगी किडकी असणार. गंमत म्हणजे पुष्कळदा ती निघायचीही. आणि मीही काही कमी नाही. आमच्या घरात संशय घेण्याचं काम माझ्याकडेच असतं, माझ्या यजमानांना विचारा. म्हणूनच आमचं दोघांचं इतकं जमलं, आणि म्हणूनच आम्ही इतके भांडलो.

रविवारी सकाळी तिकडे परदेशात रात्रीच्या लढती चालू असतात, तेव्हा आमचा चहा होतो. दादा बमरोलीतच, त्याच्या शेजारच्या गल्लीत राहतो. मी बस पकडून जायची. धर्माभाऊच्या पुढच्या खोलीत टीव्ही लावला जायचा, पण आवाज बंद. सगळ्यात आधी तो रिमोट घेऊन आवाज घालवायचा. "तो बोलनारा डोया बांधी टाकस आपला. त्याले बोलाना पैसा भेटतस." मग पत्र्याचा एक जुना डबा मध्ये यायचा आणि त्याच्याबरोबर लूमवरच्या रिकाम्या कांड्या. बाण्याचं, म्हणजे आडवं सूत गुंडाळतात त्या, काही लाल, काही निळ्या. लाल कोपऱ्यातल्या बॉक्सरला लाल, निळ्याला निळी. राउंड संपला की प्रत्येकाने मूठ झाकून आपली एक कांडी डब्यात सोडायची, कुणाकडे बघायचं नाही, कुणी काही बोलायचं नाही. एका राउंडला एका माणसाची एकच कांडी. लढत संपली की डबा उलटा करायचा आणि पंचांच्या निकालाशी ताडून बघायचा. कुणी कुठली टाकली ते कळायचं नाही, त्यामुळे एकमेकांवर संशय घ्यायला पूर्ण मोकळीक. "ही निळी कुणाची?" यावरून आम्ही जेवणं थंड केली आहेत. इंदूवहिनी, म्हणजे धर्माभाऊची बायको, आतून ओरडायच्या, "तिकडे त्या पोरायची मारामारी संपली, तुमची काहाले चालू हाय?"

वादाचा विषय कायम एकच : आशियातला सगळ्यात मोठा बॉक्सर कोण. नावं आम्हाला धड उच्चारता येत नसत, म्हणून धर्माभाऊने सगळ्यांची बारशी केली होती. थायलंडचा एक समोरच्याभोवती माप घेतल्यासारखा फिरायचा, तो टेलर. जपानचा एक हलक्या हाताने टोचत राहायचा, तो कंपाउंडर. फिलिपिन्सचा एक नाचरा. आणि कोरियाचा एक, मार देताना आणि खाताना चेहऱ्यावरची रेघ न हलवणारा, त्याचं नाव मुका. दादाचं मत नाचऱ्याला, कारण तो आपल्यापेक्षा जड माणसांना भिडला. माझं टेलरला, कारण मला नीटनेटकं काम आवडतं. धर्माभाऊ मात्र मुक्याला सोडायला तयार नसे. मुका जिंकला थोडा, हरवला गेला जास्त. परक्या देशात, परक्या पंचांपुढे त्याच्या हातातली लढत काढून घेतली, असं धर्माभाऊचं म्हणणं. पंचांनी दुसऱ्याचा हात वर केला, मुक्याने त्या दुसऱ्याच्या पाठीवर थाप मारली आणि दोरीखालून निघून गेला. ती लढत आम्ही मोबाइलवर कितीदा पाहिली असेल. "हरणारा मोठा कसा?" मी चिडून विचारायची. तो शांतपणे म्हणायचा, "ज्याले लुटी लिधं आनि जो रडना नही, तो मोठा." हे उत्तर मला कधीच सरळ वाटलं नाही. हा माणूस मुक्याबद्दल बोलत नाही, असं वाटायचं.

त्याचा आणखी एक नियम होता, तो तर मला अजिबात पटायचा नाही. भारताचा बॉक्सर असला की कांडी टाकायची नाही. टाकायची नाही म्हणजे लढत बघायचीही नाही. तो खुर्ची उचलून ओट्यावर जाऊन बसायचा. "आपला मानुसना तागा आपन तपासाना नही," असं म्हणायचा. हा म्हणे तपासणाऱ्यांचा जुना नियम. आपल्या गावच्या, आपल्या नात्यातल्या कारागिराचा माल आला की तो दुसऱ्याच्या टेबलावर सरकवायचा, कारण आपल्या माणसाचा दोष डोळा लपवतो, नाहीतर मुद्दाम जास्त दाखवतो. एकदा भारताच्या एका मुलीला मोठ्या स्पर्धेत पंचांनी हरवलं. सगळी गल्ली खवळली, पोरं धर्माभाऊकडे आली, काका, तुम्हीच सांगा, लुटलं की नाही? हा म्हणाला, "मी देखंच नही." कुणीतरी तोंडावर म्हणालं, देशाचं काही पडलेलं नाही यांना. याने ऐकून घेतलं आणि अडकित्ता काढून सुपारी कातरत बसला. एरवी जगातल्या प्रत्येक पंचाला चोर म्हणणारा माणूस, इथेच का गप्प? मला त्या नियमाचाच संशय यायचा, कारण तो नियम त्याने मलाही एका प्रश्नावर फेकून मारला होता. एकदा नाही, आयुष्यभर.

तो प्रश्न असा. दादा आणि धर्माभाऊ तरुण असताना खात्याच्या फाटकावर एक निवृत्त सुभेदार होता. त्याने पोरांना बॉक्सिंग शिकवलं. ग्लोव्हजच्या दोन जोड्या, त्याही फाटक्या. शेठला या खेळाची हौस होती. नव्या यंत्रांच्या पूजेच्या दिवशी त्याने आवारात दोऱ्या बांधल्या आणि जाहीर केलं, जो जिंकेल तो कायम होईल आणि त्याला चाळीत खोली मिळेल. शेवटच्या लढतीत उरले दोघे, दादा आणि धर्माभाऊ. मी तेव्हा दहावी झालेली, पूजेसाठी म्हणून गावाहून आले होते, बायकांच्या बाजूला दोरीला टेकून उभी होते. धर्माभाऊच्या कमरेला लाल पट्टी, दादाच्या निळी. पहिला राउंड धर्माभाऊचा, यात वाद नाही. दुसरा दादाचा, यातही नाही. तिसऱ्यात धर्माभाऊचा डावा हात पुढे आलाच नाही. कोपर बरगडीला लावून तो एकाच हाताने खेळत होता, आणि त्या एका हातानेही त्याने दादाला दोरीपर्यंत नेलं होतं. घंटा झाली, सुभेदाराने दादाचा हात वर केला. अर्ध्या लोकांनी हुर्यो उडवली की सुभेदार दादाच्या बाजूचा आहे. अर्धे म्हणाले, धर्माने मुद्दाम हात आवरला. धर्माभाऊने दादाच्या पाठीवर थाप मारली आणि दोरीखालून निघून गेला.

दादा कायम झाला. खोली मिळाली, म्हणून आई-अण्णा मला सुरतला पाठवायला तयार झाले. त्या खोलीत राहून मी शिकले, बाई झाले. धर्माभाऊ मात्र पुढे बरीच वर्षं रोजंदारीवर राहिला, पत्र्याच्या खोपटात संसार केला. आता सांगा, मला झोप कशी लागावी? मला एवढंच हवं होतं : दादा जिंकला होता, की त्याला जिंकू दिलं होतं? माझ्या हातातला खडू आम्ही मिळवलेला होता, की कुणीतरी हात आवरून आमच्या पदरात टाकलेला? दादाला विचारायची हिंमत नव्हती, त्याचा आयुष्यभराचा ताठा त्या एका वर गेलेल्या हातावर उभा होता. म्हणून मी धर्माभाऊला विचारायची. रागाने, लाडाने, चेष्टेत. आणि तो दरवेळी तेच, आपला मानुसना तागा आपन तपासाना नही. त्या शेवटच्या रविवारीही मी चपला घालता घालता म्हणाले, "जपान्याचा निकाल राहू दे, तुझा सांग." तो दारात उभा होता. म्हणाला, "बाई, तुना पोऱ्याना पेपर तू तपासशी का?" मी म्हणाले, "तपासला असता आणि दोन मार्क कमी दिले असते." तो मोठ्याने हसला. मी वळून पाहिलं नाही. तेवढंच शेवटचं.

इथे सुरतेत माणूस गेल्यावर बेसणं असतं, सगळ्यांनी येऊन पांढऱ्या चादरीवर थोडा वेळ बसायचं. धर्माभाऊच्या बेसण्याला त्याच्याच टेबलाला टेबल लावून काम केलेले रमणभाई आले होते. मला राहवलं नाही. मी हळूच विचारलं, तुमच्यात नियम असतो ना, आपल्या गावच्याचा माल तपासायचा नाही? रमणभाई चकित होऊन म्हणाले, "एवो कोई नियम नथी, बेन. जे ताको आवे ते चेक करवानो." येईल तो तागा तपासायचा, आणि धर्मराजभाई तर गावच्या कारागिरांचे तागे सगळ्यात जास्त खुणा करून परत पाठवायचे, असंही ते म्हणाले. मी चादरीवर बसल्या बसल्या तोंडावर पदर घेतला. लोकांना वाटलं रडतेय. मी रडत नव्हते, मला भयंकर राग आला होता. एवढी वर्षं ज्या नियमापुढे मी गप्प बसले, तो नियमच नव्हता. त्याने तो घडवला होता. आणि ज्या माणसाला एका प्रश्नाचं उत्तर टाळायला अख्खा नियम घडवावा लागतो, त्याने नक्कीच हात आवरला असणार, याबद्दल माझी खात्री झाली.

पंधरवड्याने इंदूवहिनींना भेटायला गेले. वहिनी मलकापूरकडच्या, बोलताना हात हवेत फिरवणाऱ्या. त्या दिवशी हात मांडीवरच होते. त्याचे शर्ट घडी करून ठेवत होत्या. एका सदऱ्याच्या डाव्या बाजूला आतून जाड ठिगळ होतं. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाल्या, थंडीत ती बरगडी दुखे त्यांची, म्हणून मी अस्तर लावून देल्लं. कुठली बरगडी? वहिनींनी अगदी सहज सांगितलं. लग्नाला महिनाही झाला नव्हता. पूजेच्या दोन-तीन दिवस आधी लूमवरून धोटा उडाला. बाण्याचं सूत घेऊन इकडून तिकडे पळतो तो लाकडी धोटा, टोकाला लोखंड असतं. तो येऊन डाव्या बरगडीत बसला. वहिनींनी हळदीचा लेप केला, कापडाने आवळून बांधलं. "मले म्हणे, कोणाले सांगशीन तर पाह्य. मी म्हटलं नका खेळू. म्हणे, खोली पाह्यजे आपल्याले." मग नंतर तरी का सांगितलं नाही? वहिनी शर्टाची घडी हाताने दाबत राहिल्या. "आधी सांगलं असतं तर सुरेशभाऊनं हात उचलला नसता. मंग सांगलं असतं तर त्यायनं खोली सोडून देल्ली असती. मंग तुमी कुठं गेल्या असत्या?"

मी उठून पाणी पिऊन आले. म्हणजे त्याने हात आवरला नव्हता. खोली त्याला हवी होती, माझ्या दादाइतकीच हवी होती, आणि तो एका हाताने ती मिळवायला निघाला होता… आणि हरल्यावर तो गप्प बसला, तेही माझ्यासाठी. मला रडू आलं, खरंखुरं. पण माझं मन मेलं असं आहे, की रडता रडताही वाटलं, वहिनी हे मला बरं वाटावं म्हणून तर सांगत नसतील? मी तो सदरा मागून घेतला, अस्तर उलटून पाहिलं. अस्तराचे टाके जुने होते, सूत पिवळं पडलेलं. हे असं तपासताना मला लाज वाटली. धर्माभाऊला वाटली नसती, उलट त्याने मला दिव्यापाशी जायला सांगितलं असतं.

त्यानंतरच्या रविवारी दादा आणि मी दोघेही न ठरवता तिथेच पोचलो. वहिनींनी टीव्ही लावून ठेवला होता, आवाज बंद करून. डबा, कांड्या, तीन कप. तिसरा कप त्यांनी परत नेला नाही. कुणीतरी दोघे खेळत होते, मी काही पाहिलं नाही. दादा आता थकलाय, गुडघे धरून बसतो. मी त्याला धोट्याची गोष्ट सांगितली. तो टीव्हीकडेच बघत होता. नजर न हलवता म्हणाला, "कोपर बरगडीले चिकटेल व्हतं त्यानं. माले दिखनं."

"तुला दिसलं होतं?"

"दिखनं ना. म्हनीसन त्या बाजूले मी मारं नही."

दादा, ज्याच्या ताठ्याला धक्का लागू नये म्हणून मी एवढी वर्षं तोंड शिवून बसले होते, त्यालाच तिसऱ्या राउंडभर दिसत होतं. धर्माभाऊ दुखणं लपवून खेळत होता आणि दादा ते ओळखून त्याची दुखरी बाजू चुकवून खेळत होता, आणि मग एकमेकांना न विचारता दोघे जन्मभर शेजारी बसून जगभरच्या पंचांना चोर म्हणत राहिले. त्या बाजूला मारला असता तर धर्माभाऊ तिथेच बसला असता, आणि निकालावर कुणाला बोट ठेवायला जागा राहिली नसती. पण धर्माभाऊचा डावा हात चालला असता तर…? "मग जिंकलं कोण, दादा?" मी शेवटी विचारलंच. "तिसरा राउंड कुणाचा?"

दादाने डबा जवळ ओढला. कांड्यांच्या ढिगात हात घातला, मूठ झाकून डब्यात सोडली, आणि झाकण लावून डबा माझ्याकडे सरकवला. मी थांबले नाही, लगेच डबा उलटा केला. एक लाल, धर्माभाऊची; एक निळी, त्याची स्वतःची.

"एका माणसाची एकच कांडी, दादा. दोन चालत नाहीत."

"ठाऊक शे माले," दादा म्हणाला. "मंग काढ त्यातली एक. तू तर व्हती ना तठे, दोरीपाशी."

मी हात पुढे केला. वहिनी दारात उभ्या होत्या, हातात चहाची किटली. मला तो राउंड स्वच्छ दिसत होता : ते कोपर, ती दोरी, दादाचा दुसऱ्याच बाजूने फिरणारा हात. मी सगळं पाहिलेलं आहे. एवढी वर्षं मला दुसऱ्या कुणाकडून निकाल हवा होता, आणि तो द्यायला आता मीच उरले होते. टीव्हीवरची लढत संपली, कुणाचा तरी हात वर गेला, कुणाचा ते आमच्यापैकी कुणी पाहिलं नाही. येताना मी डबा मागून घेतला. तो आता माझ्या कपाटात, खडूच्या खोक्याशेजारी आहे. त्यात दोन्ही कांड्या आहेत.